लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला, पण स्लाइड भलत्याच स्क्रीनवर! नेमकं अडतं कुठे?

प्रेझेंटेशन सुरू करायच्या वेळी जो गोंधळ होतो तो सगळीकडे सारखाच असतो, कॉलेजचा सेमिनार असो, शिक्षकांचं प्रशिक्षण असो नाहीतर सोसायटीची वार्षिक सभा. वायर लावली, भिंतीवर नुसता निळा पडदा आणि "नो सिग्नल", मग कोणीतरी पुढे येऊन वायर काढून परत लावतं, दुसरा म्हणतो रीस्टार्ट मारा, तिसरा पॉवरपॉइंटच्या मेनूत काहीतरी शोधत बसतो, आणि ज्याने आठवडाभर तयारी केलेली असते तो माणूस माइक हातात धरून उभा. मी हॉलमध्ये प्रोजेक्टर आणि साउंडचं काम बघतो त्यामुळे हे सारखं डोळ्यासमोर होतं आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण सुरुवातीची दहा मिनिटं अशी गेली की बोलणाऱ्याची लय जाते ती जातेच, मग तो शेवटच्या चांगल्या स्लाइड घाईघाईत उरकतो.

म्हणून हे जरा नीट सांगतो. यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकामागे एक लागतात. पहिली म्हणजे सिग्नल, लॅपटॉपला पलीकडे स्क्रीन आहे हे कळलं का. दुसरी म्हणजे विंडोज किंवा मॅक, त्यांनी ती स्क्रीन कशी वापरायची ठरवलं, तीच प्रत दाखवायची की वेगळी जागा म्हणून वापरायची. आणि तिसरी म्हणजे पॉवरपॉइंट किंवा जे काही सॉफ्टवेअर असेल ते, त्याने स्लाइड कुठल्या स्क्रीनवर टाकायची ठरवलं. या तिन्हीचे बिघाड वेगळे आणि उपायही वेगळे. लोक चुकतात ते इथेच, बिघाड असतो विंडोजच्या सेटिंगमध्ये आणि वायर हलवत बसतात, किंवा वायर खराब असते आणि पॉवरपॉइंट बंद-चालू करत राहतात.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. डेस्कटॉपवर मोकळ्या जागेत राइट क्लिक करून "डिस्प्ले सेटिंग्ज" उघडा. वरती चौकोन दिसतात, त्यावर १, २ असे आकडे. दोन चौकोन, किंवा एकाच चौकोनात १ आणि २ असे दोन्ही आकडे दिसले तर वायरचं काम झालेलं आहे, ती आता अजिबात हलवू नका, पुढचं बघा. एकच चौकोन आणि त्यात एकच आकडा असेल तर पॉवरपॉइंटमध्ये कितीही शोधलंत तरी काही मिळणार नाही, अडचण त्याच्या आधी, वायर आणि सिग्नलमध्येच आहे. त्याच पानावर खाली "मल्टिपल डिस्प्लेज" मध्ये "डिटेक्ट" बटण असतं ते एकदा दाबून बघायचं.

वायर आणि सिग्नल

एकच चौकोन दिसतोय म्हटल्यावर आधी प्रोजेक्टरकडे बघा. त्याच्यावर किंवा रिमोटवर "सोर्स" नाहीतर "इनपुट" लिहिलेलं बटण असतं. मागे दोन एचडीएमआय आणि एक व्हीजीए अशा खाचा असतात आणि तुम्ही वायर दुसऱ्या खाचेत लावलेली असते आणि प्रोजेक्टर पहिलीकडे बघत बसलेला असतो. सोर्स बदलल्यावर लगेच परत दाबू नका, सिग्नल पकडायला त्याला काही सेकंद लागतात, लोक एवढ्यात कंटाळून पुढचा सोर्स दाबतात आणि बरोबर असलेला निघून जातो.

मग वायरचा प्रकार. व्हीजीए म्हणजे ती निळ्या तोंडाची, १५ पिनांची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली वायर, आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली, आणि अजून कितीतरी हॉलमध्ये भिंतीतून तीच बाहेर आलेली दिसेल. ती ॲनालॉग आहे आणि तिच्यात लाल, हिरवा, निळा हे तीन रंग वेगवेगळ्या पिनांवरून जातात, त्यामुळे चित्राचा रंग बघूनच वायरला काय झालंय ते सांगता येतं. पांढरी स्लाइड पिवळी दिसायला लागली तर निळ्याची पिन लागत नाहीये, पांढऱ्याचं गुलाबी-जांभळं झालं तर हिरवी गेली, आणि निळसर हिरवट झालं तर लाल. अशा वेळी प्रोजेक्टरच्या कलर सेटिंगमध्ये शिरू नका. वायर काढा, टोकाकडे उजेडात बघा, एखादी पिन वाकून आडवी झालेली असेल ती हळूच बारीक चिमट्याने सरळ करा आणि या वेळी स्क्रू पूर्ण आवळा, कारण स्क्रू न आवळता नुसती टेकवलेली वायर लॅपटॉपला धक्का लागला की तिरकी होते आणि परत तेच. आवाज मात्र व्हीजीएतून जातच नाही, त्यासाठी हेडफोनच्या खाचेतून वेगळी वायर लागते.

एचडीएमआय हे डिजिटल, २००२ चं, चित्र आणि आवाज एकाच वायरमधून. इथे रंग पिवळा वगैरे व्हायचा प्रकार नाही, वायर खराब असेल तर चित्र येतं-जातं, ठिपके चमकतात नाहीतर काहीच येत नाही. आता नवीन लॅपटॉपला व्हीजीए नसतं आणि हॉलमध्ये तेच असतं म्हणून कन्व्हर्टर लागतो, आणि इथे एक गोष्ट दुकानातच नीट विचारून घ्या, तो कुठून कुठे आहे. एचडीएमआयमधून व्हीजीएत नेणारा वेगळा आणि व्हीजीएमधून एचडीएमआयत नेणारा वेगळा. दोन्ही दिसायला जवळपास सारखे, पण आत डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप असते ती एकाच दिशेने चालते, उलटा लावला तर काहीच होत नाही. लॅपटॉपकडून निघायचं आणि प्रोजेक्टरकडे जायचं, त्या क्रमानेच नाव सांगून घ्यायचा.

टाइप-सी ची तर वेगळीच गंमत असते. खाच तीच, पण प्रत्येक टाइप-सी मधून चित्र बाहेर जातंच असं नाही, काही नुसत्या चार्जिंग आणि डेटासाठी असतात. खाचेशेजारी बघा, विजेसारखी खूण असेल तर थंडरबोल्ट आहे, आणि डी-पी चं चिन्ह असेल तर डिस्प्लेपोर्टचा सिग्नल त्यातून जातो, दोन्हीत अडॅप्टर चालेल. खूण नसेल तर लॅपटॉपचं मॉडेल टाकून कंपनीच्या साइटवर बघा आणि मगच अडॅप्टरवर पैसे घाला. काही स्वस्त डॉक, म्हणजे एका खाचेतून बऱ्याच खाचा काढून देणारे डबे, यूएसबी वरून चित्र पाठवतात पण त्यांना डिस्प्लेलिंकचं ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, आधी टाकावं लागतं, ते ऐनवेळी हॉलच्या वायफायवर डाउनलोड करायची वेळ आणू नका. मॅकवाल्यांनी लक्षात ठेवायचं की २०२० च्या एम-१ मॅकबुक एअरला बाहेरची एकच स्क्रीन चालते, दोन जोडायला गेलात तर दुसरी येणार नाही, त्यात बिघाड काही नाही.

अजून एक प्रकार असा की सिग्नल येतो पण विचित्र येतो, अक्षरं ताणलेली, किंवा "आउट ऑफ रेंज" असा मेसेज. याचं कारण असं की प्रत्येक स्क्रीन जोडल्याबरोबर लॅपटॉपला स्वतःची माहिती देते, मला एवढे एवढे पिक्सेल चालतात, सेकंदाला एवढ्या वेळा चित्र बदललेलं चालतं. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. मध्ये लांबलचक वायर असेल, एक सिग्नल दोन स्क्रीनना वाटणारा स्वस्तातला स्प्लिटर असेल किंवा जुना कन्व्हर्टर असेल तर ही माहिती मागे येतच नाही, मग लॅपटॉप अंदाजाने काहीतरी पाठवतो आणि प्रोजेक्टरला ते झेपत नाही. उपाय म्हणजे डिस्प्ले सेटिंग्जमध्ये २ नंबरच्या चौकोनावर क्लिक करून रेझोल्यूशन हाताने कमी करायचं, जुन्या प्रोजेक्टरला १०२४ बाय ७६८, जरा नव्याला १२८० बाय ८००, टीव्हीला १९२० बाय १०८०, आणि रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ. मोठ्या हॉलमध्ये १०-१५ मीटरच्या पुढे साधी एचडीएमआय वायर बेभरवशाची होते, तिथे ॲक्टिव्ह किंवा ऑप्टिकल वायर लागते किंवा नेटवर्कच्या वायरवरून चित्र नेणारे एचडीबेसटी चे डबे लागतात, ते १०० मीटरपर्यंत जातात. हे पाहुण्याने नाही तर हॉलवाल्याने करायचं काम आहे, आणि हॉल बांधताना रंगकामावर खर्च करतात त्याच्या थोडा भाग जरी इथे केला तरी कितीतरी लोकांचा त्रास वाचेल असं मला मनापासून वाटतं.

विंडोज: डुप्लिकेट की एक्स्टेंड

आता दोन चौकोन दिसताहेत. विंडोजचं बटण दाबून ठेवून पी दाबा. विंडोज ७ पासून म्हणजे २००९ पासून हे आहे आणि तरीही निम्म्या लोकांना माहीत नसतं. चार पर्याय येतात. "पीसी स्क्रीन ओन्ली" म्हणजे फक्त लॅपटॉप, "सेकंड स्क्रीन ओन्ली" म्हणजे फक्त प्रोजेक्टर, हे दोन बाजूला ठेवा. चुकून सेकंड स्क्रीन ओन्ली झालं आणि लॅपटॉप काळा पडला तर घाबरू नका, वायर काढली की लॅपटॉपची स्क्रीन परत येते.

खरा प्रश्न "डुप्लिकेट" आणि "एक्स्टेंड" चा. डुप्लिकेटमध्ये दोन्हीकडे तेच चित्र. एक्स्टेंडमध्ये प्रोजेक्टर म्हणजे तुमच्या टेबलाला लागून मांडलेलं दुसरं टेबल, त्याच्यावर तुम्ही काय ठेवाल तेच लोकांना दिसणार आणि तुमच्या टेबलावर तुमचे कागद तुमच्यापुरते.

बहुतेक लोक डुप्लिकेटच ठेवतात कारण ते समजायला सोपं, आणि लोकांना जे दिसतंय तेच मला दिसतंय याचा धीर असतो. छोट्या कामाला ते ठीकच आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यात दोन तोटे आहेत. एक म्हणजे नोट्स आणि पुढची स्लाइड आपल्यापुरती बघायची सोय जाते. दुसरा म्हणजे पिक्सेलचा हिशेब. दोन्हीकडे तेच चित्र पाहिजे म्हटल्यावर दोघांना जमेल असं माप घ्यावं लागतं, म्हणजे कमीवाल्याचं. लॅपटॉप १९२० बाय १०८० चा आणि प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चा असेल तर लॅपटॉप खाली उतरतो, त्याच्यावर सगळं मोठं मोठं आणि पुसट दिसायला लागतं, डेस्कटॉपचे आयकॉन इकडचे तिकडे होतात. एक्स्टेंडमध्ये ज्याचं माप त्याच्यापाशी राहतं.

मापाचं निघालंच आहे तर इथेच स्लाइडचंही बघू. पॉवरपॉइंट २०१३ पासून नवीन फाइल १६:९ मध्ये उघडते, म्हणजे आडवी पसरट. ती जुन्या ४:३ च्या प्रोजेक्टरवर टाकली की १०२४ पिक्सेल रुंदीला उंची मिळते फक्त ५७६, आणि प्रोजेक्टरकडे असतात ७६८, म्हणजे पडद्याचा पाव भाग वर-खाली काळ्या पट्ट्यांत जातो. मागच्या रांगेतल्या माणसाला अक्षरं आधीच बारीक दिसतात, त्यात हे. हॉलवाल्याला एक फोन करून प्रोजेक्टर चौकोनी आहे की आडवा एवढं विचारा, चौकोनी असेल तर "डिझाइन" टॅबमध्ये "स्लाइड साइझ" स्टँडर्ड करा. पॉवरपॉइंट विचारेल "मॅक्सिमाइझ" की "एन्शुअर फिट", तेव्हा एन्शुअर फिट घ्या म्हणजे कडेचा मजकूर कापला जात नाही, आणि त्यानंतर सगळ्या स्लाइड एकदा चाळा कारण काही चित्रं हलतात. टीव्हीवर उलट होतं, चारही कडांना थोडं थोडं कापलं जातं, ते टीव्हीच्याच पिक्चर सेटिंगमध्ये "जस्ट स्कॅन" किंवा "स्क्रीन फिट" केलं की जातं.

एक्स्टेंडला लोक घाबरतात ते माउसमुळे. माउस उजवीकडे नेला आणि गायब! तो गायब होत नाही, प्रोजेक्टरवर जातो, कारण विंडोज साधारणपणे दुसरी स्क्रीन उजवीकडे आहे असं धरतं. पडद्यावर बघा, बाण तिथे फिरत असतो, तो डावीकडे ओढत आणला की लॅपटॉपवर परत. पडदा खरंच तुमच्या डाव्या हाताला असेल तर डिस्प्ले सेटिंग्जमधला २ नंबरचा चौकोन धरून १ च्या डावीकडे नेऊन ठेवा आणि "अप्लाय" करा, मग हात जातो त्या दिशेलाच बाण जातो, एवढ्याशा बदलाने पुढचा सगळा त्रास वाचतो. कुठला नंबर कुठली स्क्रीन ते कळत नसेल तर "आयडेंटिफाय" दाबलं की दोन्ही स्क्रीनवर मोठा आकडा येतो.

तिथेच खाली "मेक धिस माय मेन डिस्प्ले" असा टिक आहे, तो लॅपटॉपच्या स्क्रीनवरच असू द्या. नोटिफिकेशन मेन डिस्प्लेवर येतात, प्रोजेक्टर मेन झाला तर घरचे व्हॉट्सॲप मेसेज सगळा हॉल वाचेल. डुप्लिकेटमध्ये असताना नोटिफिकेशन आपोआप दाबून ठेवायची सोय विंडोजमध्ये आहे पण ती एक्स्टेंडला लागू होत नाही, तेव्हा "डू नॉट डिस्टर्ब" स्वतःच चालू करून घ्या.

मॅकवर हेच सगळं "डिस्प्लेज" मध्ये, स्क्रीन निवडून "यूज अ‍ॅज" मध्ये मिरर किंवा एक्स्टेंडेड. तत्त्व तेच.

पॉवरपॉइंट आणि प्रेझेंटर व्ह्यू

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फायदाही इथेच आहे. "स्लाइड शो" टॅबमध्ये उजवीकडे "मॉनिटर" म्हणून भाग आहे. त्यात दोन गोष्टी, एक यादी, ज्यात "ऑटोमॅटिक" आणि जोडलेल्या स्क्रीनची नावं असतात, आणि एक टिक, "यूज प्रेझेंटर व्ह्यू". प्रेझेंटर व्ह्यू म्हणजे नोट्स आणि पुढची स्लाइड फक्त बोलणाऱ्याला दाखवणारी स्क्रीन. यादीतली निवड म्हणजे लोकांना दिसणारी स्लाइड कुठे जाणार. हे वाक्य परत वाचा, कारण लोक समजतात की इथे आपली स्क्रीन निवडायची. नाही, इथे लोकांची स्क्रीन निवडायची, आणि ती निवडली की प्रेझेंटर व्ह्यू उरलेल्या स्क्रीनवर येतो. दोनच स्क्रीन असतील तर ऑटोमॅटिक बरोबर काम करतं. तीन असतील, म्हणजे लॅपटॉप, टेबलावरचा मॉनिटर आणि प्रोजेक्टर, तर मात्र हाताने निवडा, ऑटोमॅटिकवर सोडू नका.

एफ ५ दाबलं की पहिल्या स्लाइडपासून, शिफ्ट धरून एफ ५ दाबलं की आत्ता उघडी असलेल्या स्लाइडपासून. दाबल्यावर कधी कधी दोन्ही स्क्रीन क्षणभर काळ्या होतात, त्याने दचकू नका, प्रेझेंटर व्ह्यूचा टिक असेल तर नवीन पॉवरपॉइंट डुप्लिकेटचं एक्स्टेंड स्वतःच करून घेतं आणि त्यात तो क्षण जातो.

आता लॅपटॉपवर काय दिसतं ते बघा. डावीकडे मोठी चालू स्लाइड, उजवीकडे वर पुढची स्लाइड लहान, तिच्या खाली तुमच्या नोट्स आणि त्याचं अक्षर मोठं-लहान करायची बटणं. स्लाइडच्या वर किती वेळ झाला तो चालू टायमर. खाली पेन, लेझर, सगळ्या स्लाइड एकत्र बघायचं बटण, झूमची भिंग आणि पडदा काळा करायचं बटण. पुढची स्लाइड आधी दिसते ही एकच गोष्ट बोलण्यात केवढा फरक पाडते, वाक्य संपवतानाच पुढच्या विषयाचा धागा पकडता येतो, आणि पाठ करून बोलायची, किंवा स्लाइडवरचं वाचून दाखवायची, गरजच राहत नाही. नवीन शिक्षकांना मी हे आवर्जून दाखवतो.

आणि आता ती नेहमीची भीती, उलटं झालं तर? म्हणजे नोट्स पडद्यावर आणि नुसती स्लाइड लॅपटॉपवर. हॉलमधले लोक तुमच्या नोट्स वाचायला लागतात. यासाठी प्रेझेंटेशन बंद करायची काही गरज नाही, प्रेझेंटर व्ह्यूच्या वरच्या पट्टीत "डिस्प्ले सेटिंग्ज" आहे, त्यात "स्वॅप प्रेझेंटर व्ह्यू अँड स्लाइड शो", एक क्लिक आणि अदलाबदल. मॅकवरच्या पॉवरपॉइंटमध्ये तिथेच वर "स्वॅप डिस्प्लेज" लिहिलेलं असतं. हे बटण कुठे आहे ते आधीच डोळ्याखालून घातलेलं असेल तर दोन सेकंदांचं काम आहे. घरी दुसरी स्क्रीन नसते मग सराव कसा करायचा, तर ऑल्ट आणि एफ ५ एकत्र दाबा, एकाच स्क्रीनवरही प्रेझेंटर व्ह्यू उघडतो. आदल्या रात्री एकदा तरी असं चालवून बघाच.

दोन-तीन बटणं लक्षात ठेवण्यासारखी. बी दाबलं की पडदा काळा, परत बी दाबलं की स्लाइड परत, चर्चा चालू असताना लोकांचं लक्ष तुमच्याकडे आणायला याच्यासारखं काही नाही. कोणी म्हणालं "ती बाराव्या स्लाइडवरची आकृती परत दाखवा" तर १२ टाइप करून एंटर, सरळ तिथे. मागे मागे करत जायची गरज नाही.

लिबरऑफिस इम्प्रेस वापरणाऱ्यांसाठी, "स्लाइड शो सेटिंग्ज" मध्ये "मल्टिपल डिस्प्लेज" असतं तिथे प्रेझेंटेशन कुठल्या स्क्रीनवर ते निवडायचं, आणि प्रेझेंटर कन्सोल उलट्या जागी उघडला तर त्यातच "एक्स्चेंज" बटण आहे. मॅकवरच्या कीनोटमध्ये प्रेझेंटेशन चालू असताना एक्स दाबलं की स्क्रीनची अदलाबदल होते. गूगल स्लाइड्सचं जरा वेगळं आहे, ते ब्राउझरमध्ये चालतं त्यामुळे कुठली स्क्रीन असं ते विचारत नाही, ब्राउझरची खिडकी जिथे असेल तिथेच ते मोठं होतं. म्हणून आधी खिडकी ओढून प्रोजेक्टरवर न्या, मग स्लाइडशोच्या शेजारच्या बाणातून "प्रेझेंटर व्ह्यू" घ्या, नोट्सची वेगळी खिडकी उघडेल ती परत लॅपटॉपवर ओढा. ती उघडलीच नाही तर ब्राउझरने पॉप-अप अडवलेला असणार. गणित आणि भौतिकशास्त्रातले लोक लाटेक्समध्ये बीमर वापरून पीडीएफ स्लाइड करतात, त्यांना वाटतं प्रेझेंटर व्ह्यू आपल्या नशिबात नाही, पण पीडीएफपीसी नावाचं फुकट सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं, एका स्क्रीनवर स्लाइड, दुसरीवर नोट्स आणि घड्याळ.

ऑनलाइन लेक्चर आणि जोडीचा मॉनिटर

घरून शिकवणारे आता लॅपटॉपला एक मॉनिटर जोडतातच, आणि इथेही हाच गोंधळ, फक्त प्रोजेक्टरच्या जागी मीटिंग. तुम्ही मीटिंगमध्ये कुठली स्क्रीन शेअर केली आणि पॉवरपॉइंटने स्लाइड कुठे टाकली हे दोन जुळायला पाहिजे. झूममध्ये "शेअर" केल्यावर स्क्रीन १, स्क्रीन २ असं वेगवेगळं दिसतं. पॉवरपॉइंटच्या मॉनिटर यादीत बाहेरचा मॉनिटर निवडा, मीटिंगमध्ये तोच मॉनिटर शेअर करा, मग लॅपटॉपवर नोट्स, पोरांचे चेहरे आणि चॅट, सगळं तुमच्यापुरतं. पॉवरपॉइंटची नुसती खिडकी शेअर करून नंतर एफ ५ दाबलं तर कित्येकदा लोकांना स्लाइड शो दिसतच नाही, एडिट करायचीच खिडकी दिसत राहते, कारण स्लाइड शो ही वेगळी खिडकी असते. पूर्ण स्क्रीन शेअर केली की हा प्रश्न येत नाही.

आणि एकच स्क्रीन असेल तर "सेट अप स्लाइड शो" मध्ये "ब्राउझ्ड बाय ॲन इंडिव्हिज्युअल" निवडा, मग स्लाइड शो पूर्ण स्क्रीन न व्यापता एका खिडकीत चालतो, ती खिडकी शेअर करायची आणि शेजारी चॅट उघडा ठेवायचा.

आवाज, व्हिडिओ आणि उरलेलं

एचडीएमआय लावलं की विंडोज आवाजही तिकडे पाठवतं. प्रोजेक्टरला स्पीकर असतो तो अगदी बारीक किंवा नसतोच, त्यामुळे व्हिडिओ चालतो आणि आवाज येत नाही, हॉलच्या साउंडची वायर हेडफोनच्या खाचेत लावलेली असते पण आवाज तिथे जातच नसतो. खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरच्या आयकॉनवर क्लिक करून, त्यातला बाण दाबून, आवाज कुठून बाहेर काढायचा ते निवडा. हे वायर लावल्यानंतर तपासायचं, आधी नाही, कारण लावल्यावरच ते बदलतं.

स्लाइड दिसते पण त्यातल्या व्हिडिओच्या जागी काळा चौकोन, हे झालं तर पॉवरपॉइंटच्या "ऑप्शन्स", "ॲडव्हान्स्ड", "डिस्प्ले" मध्ये स्लाइड शोचं हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करायचा टिक बऱ्याच आवृत्त्यांत असतो तो करून बघा. एखाद्या पैसे भरून बघायच्या ॲपवरचा व्हिडिओ असेल आणि फक्त प्रोजेक्टरवरच काळा येत असेल तर ते वेगळं, तिथे कॉपी होऊ नये म्हणून एचडीसीपी नावाचं संरक्षण असतं आणि जुना प्रोजेक्टर किंवा मधला कन्व्हर्टर ते पाळत नसला की चित्र अडवलं जातं, त्याला सेटिंगमध्ये उपाय नाही. संपूर्ण स्क्रीनच गोठली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्सचं ड्रायव्हर परत चालू होतं, स्क्रीन एकदा लुकलुकते आणि उघडलेल्या फाइल तशाच राहतात.

वायरलेसवर करायचं असेल तर विंडोज आणि के दाबल्यावर जवळच्या स्क्रीनची यादी येते, एक्स्टेंड-डुप्लिकेटचं तिथेही तसंच चालतं. वर्गात ठीक आहे, पण शंभर मोबाईल असलेल्या हॉलमध्ये चित्र अडखळतं, तिथे मी तरी वायरच वापरा म्हणेन.

मराठी स्लाइड करणाऱ्यांसाठी एक वेगळं. ऐनवेळी आपला लॅपटॉप हॉलला जुळला नाही की फाइल पेन ड्राइव्हने हॉलच्या कॉम्प्युटरवर नेतात आणि तिथे सगळं मराठी अगम्य चिन्हांत दिसतं, कारण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्याच चालणाऱ्या पद्धतीत, नसून जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो आणि तो फॉन्ट तिथे नसतो. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा, "फाइल", "ऑप्शन्स", "सेव्ह" मध्ये "एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल" चा टिक करा, आणि सोबत त्याच फाइलची एक पीडीएफ ठेवा. पीडीएफमध्ये ॲनिमेशन जातं पण अक्षर हलत नाही.

कार्यक्रम संपल्यावर आधी एस्केप दाबून स्लाइड शो बंद करा आणि मग वायर काढा. घरी गेल्यावर एखादं सॉफ्टवेअर उघडतंय, खाली टास्कबारवर दिसतंय, पण स्क्रीनवर कुठेच नाही असं झालं तर ती खिडकी अजून त्या नसलेल्या दुसऱ्या स्क्रीनवरच आहे. टास्कबारवर तिच्यावर क्लिक करा, विंडोज आणि शिफ्ट धरून डावा किंवा उजवा बाण दाबा, ती लॅपटॉपवर येते.